बाबांचा डावा हात

अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून बाबांचा डावा हात उठेना. बाबा एका हॉटेलात रोज संध्याकाळी कीबोर्ड वाजवायचे. कीबोर्ड अरेंजर जातीचा. डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे तीन-चार पट्ट्या एकदम, धरली की ड्रम, बास, सगळी साथ आपोआप मागे धावते, आणि उजव्याने गाणं वाजवायचं. डावा गेला म्हणजे अख्खी मंडळी गेली. मॅनेजरने निरोप धाडला होता, शनिवारी या, ऐकतो. नाही जमलं तर नवा वादक तयारच होता.

"जमेल," मी म्हणाले. मी म्हटलं की जमतं. जे जमत नाही ते मी कोणाला सांगतच नाही.

माझी भिस्त बाबांच्या सवयीवर होती. सराव करताना ते प्रत्येक गाणं मिडी फाईल म्हणून साठवत आले होते. मिडीत आवाज नसतो. कोणती पट्टी, कधी, किती जोराने दाबली, एवढंच त्यात असतं, आणि दोन्ही हातांचं वेगवेगळं. उजवा बंद केला की उरतो नुसता डावा, साथीसकट. तोही बाबांचाच, धडधाकट.

पण मला गप्प बसवेल तर ना! बाबा स्वभावाने उतावळे. अंतऱ्याच्या तोंडाशी त्यांचा डावा ठोक्याच्या जरा आधीच उडी मारायचा. फाईलमधला ताल सरळ करायची, म्हणजे प्रत्येक सूर नेमका ठोक्यावर बसवायची, सोय असते. मी सगळ्या फाईली सरळ करून टाकल्या आणि स्वतःवरच खूश झाले.

शनिवारी दुपारी सरावाला बसलो. बाबा प्रत्येक अंतऱ्याला अडखळले. शेवटी हात मागे घेऊन म्हणाले, "उजवाही गेला गं माझा."

तेवढ्यात आई आतून ओरडली, "कोण गं वाजवतंय ते?"

"बाबाच की!"

"काहीतरीच! यांना एवढा धीर कधी होता?"

आईला कॉर्ड कशाशी खातात ते माहीत नाही, पण नवऱ्याची घाई ती भिंतीपलीकडूनही ओळखते. मी कपाळावर हात मारला. मूळ फाईली जपून ठेवल्या होत्या, तेवढी अक्कल मला आहे. त्या परत भरल्या, पण पुन्हा सरावाला वेळ कुठला? रिक्षा दारात उभी होती.

हॉटेलात मॅनेजर हाताची घडी घालून खांबाशी उभा राहिला. पहिलं गाणं सुरू झालं. अंतरा जवळ आला आणि फाईलमधल्या डाव्याने ठरल्याप्रमाणे आधीच उडी मारली. उजवा मागे राहिला नव्हता. त्यानेही त्याच क्षणी उडी मारली होती. दोन्ही हात एकाच उतावळ्या माणसाचे होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

गाणं संपलं. मॅनेजर म्हणाला, "उद्यापासून नेहमीच्या वेळेला या काका. त्या दुसऱ्याला मी नको म्हणून कळवतो."

बाबांनी मांडीवरचा डावा हात उजव्याने अलगद उचलून कीबोर्डच्या कडेवर ठेवला.

"बघ लेका," ते त्याला म्हणाले, "कसला वाजवायचास तू!"

आणि त्यांनी पुढचं गाणं लावलं.