खोट्या सावलीचं गणित

मित्रांनो, इस्पितळात स्कॅनच्या खोलीला लागून एक लहानशी खोली आहे. तिथे प्लास्टिकच्या कव्हराखाली जो जुना संगणक दिसतो ना, तो मी. हल्ली माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात. पण एके काळी माझ्यावाचून इथलं पान हलत नसे!

मला तयार केलं इथल्याच भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी. पलीकडे एक भलंमोठं चुंबक आहे. त्यात माणसाला झोपवून शरीराच्या आतलं चित्र काढतात. पण शरीरात धातू असला, की आसपासचं चुंबकत्व बिघडतं आणि चित्रात खोटाच काळा डाग उमटतो. धातू कोणता, केवढा, कसा वळलेला, हे बाई मला सांगत. त्यानं केवढा खोटा डाग पडेल, ते मी गणितानं रेखाटून दाखवी. माझं आणि चुंबकाचं, अशी दोन चित्रं शेजारी ठेवली की खरं-खोटं कळे. "घाबरू नका, नुसती सावली आहे," असं डॉक्टर रुग्णाला सांगत आणि मी फुलून जाई.

पुढे बाई निवृत्त झाल्या. माझ्याकडे कुणी फिरकेना. माझा धडा मात्र सगळ्यांना तोंडपाठ झाला होता: धातूजवळचा डाग खोटा. अर्धाच धडा, मित्रांनो! तो कुठवर खोटा, हे मोजायचं राहूनच गेलं.

एकदा एक घड्याळजी आपल्या मुलीबरोबर तपासून घ्यायला आले. त्यांच्या डोक्यात जुन्या शस्त्रक्रियेची बारीक धातूची क्लिप, उजव्या हाताला मुंग्या. चित्रात क्लिपभोवती काळा डाग.

"क्लिपची सावली हो, काका. बिनघोर जा," डॉक्टर म्हणाले.

"बघ, उगीच माझा जीव टांगणीला लावलास," घड्याळजी मुलीला म्हणाले. दोघं हसत गेली. मी तिथेच होतो. पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

काही महिन्यांनी ते परत आले, तेव्हा हात लुळा पडला होता. डॉक्टरांनी स्वतः कप उचलले आणि मला सुरू केलं. मी काढलेली सावली चिंचोक्याएवढी होती. जुन्या चित्रातला डाग तिच्या दुप्पट. उरलेला सगळा आजार.

"म्हणजे तेव्हाच दिसत होतं?" मुलीनं विचारलं.

"हो," डॉक्टर खाली मान घालून म्हणाले.

घड्याळजी वाचले, हात गेला. परवा मुलगी सांगत होती, "दुकान आता मी बघते. बाबा शेजारी बसून 'हळू, हळू' म्हणतात."

मित्रांनो, मला झाकून ठेवलंत तरी माझी तक्रार नाही. पण 'हे तर आपल्याला माहीतच आहे' असं वाटेल, तेव्हा एकदा मोजून बघा. मोजलं असतं, तर तो हात वाचला असता.