गवतातली तार

सुताराच्या घरामागची मोकळी जागा लोकांनी खुशाल आपली करून टाकली होती. बसथांब्याकडे जाणारे तिथूनच जात, जाताजाता रिकाम्या बाटल्याही फेकत. आपणही असे आडवाटेने जातोच की. जागा कुणाची, हे विचारायचं आपल्या मनातही येत नाही. सुतार सांगून सांगून थकला. शेवटी त्याने वाढलेल्या गवतात, घोट्याच्या उंचीवर, बारीक तार ताणून बांधली.

वकिली करणाऱ्या त्याच्या बहिणीने ती पाहिली.

"ही आधी काढ."

"जागा माझी आहे, ताई."

"नाही कोण म्हणतंय? रीतसर मोजणी कर, हद्दीचे दगड रोव, कुंपण घाल, पाटी लाव. तरी कुणी घुसलं तर तक्रार कर, मी आहे. पण माणूस पडावा म्हणून लपवून काही बांधलंस, तर गुन्हेगार तूच ठरशील."

"एकदा कुणीतरी तोंडावर आपटू दे, बाकीचे आपोआप सुधारतील," सुतार म्हणाला. तार तशीच राहिली.

थोड्याच दिवसांनी, तो कामावर असताना, त्याची आई न्हाणीघरात घसरून पडली. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनींनी तिची हाक ऐकली. रस्त्याने यायचं म्हणजे मोठा वळसा. हातातलं कापड टाकून त्या मागच्या जागेतून धावल्या आणि तारेत पाय अडकून आपटल्या. उजव्या मनगटाचा चुरा झाला. तशाच उठून त्या आत गेल्या, डाव्या हाताने म्हातारीला सावरलं आणि सुताराला फोन लावला.

आई सावरली. वहिनींचा हात मात्र पुन्हा कात्री धरण्याजोगा झाला नाही.

सुतार त्यांच्या दारात गेला तेव्हा शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती.

"वहिनी, माझ्यावर तक्रार करा. मी काही नाकारणार नाही."

"कशाला? न विचारता तुमच्या जागेत मीच शिरले होते," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

मग मोजणी झाली, दगड रोवले गेले, कुंपण आलं, पाटी लागली. लोक मुकाट्याने रस्त्याने जाऊ लागले. वहिनींसाठी सुताराने कुंपणात एक फाटक केलं, कुलूप न लावता. आईला भेटायला त्या अजूनही वळसा घालूनच येतात.

मंडळी, दुसऱ्याची हद्द ओलांडू नये, आणि आपली हद्द उघडपणे आखावी. शिरणाऱ्याला अडवायचा हक्क कायदा देतो, त्याला इजा करायचा नाही. लपवलेल्या तारेला घुसणारा कोण आणि मदतीला धावणारा कोण, हे कळत नाही.