खंड्या येईस्तोवर

सून रुग्णवाहिकेच्या फोनवर बसायची. घाबरलेल्या लोकांकडून पत्ता काढायचा, गाडी धाडायची आणि ती पोचेपर्यंत त्यांना बोलतं ठेवायचं, हे तिचं काम. एका दुपारी बोलता बोलता पलीकडची बाई गप्प झाली. गाडी पोचली, पण उशीर झाला होता. तेव्हापासून सून रजेवर होती. जरा शांत झालं की तिला फोनवरची ती शांतता आठवायची, म्हणून स्वयंपाकघरात रेडिओ, न्हाणीघरात गाणी, सगळीकडे नुसता कलकलाट. नोकरी सोडायचं तिनं जवळजवळ ठरवलंच होतं.

"चल माझ्याबरोबर," एका संध्याकाळी सासूबाई गळ्यात कॅमेरा अडकवत म्हणाल्या. साठीनंतर त्यांना पक्ष्यांच्या फोटोंचं खूळ लागलं होतं. "खाली बसले तर मला उठवणार कोण? तुझ्या नवऱ्याला चहाचा कप उचलवत नाही."

कालव्याकाठी ऊन उतरलं होतं, माती मात्र अजून तापलेली. सासूबाईंनी गवतात बसकण मारली, कॅमेरा सुनेच्या हाती दिला आणि पाण्यावर वाकलेली वाळकी फांदी दाखवली. "इथं खंड्या येतो. आवाज झाला की पसार. तोंड मिटून बसायचं."

झालं, सून कासावीस. "आई, किती वेळ?"

"तो येईस्तोवर. आपण काय त्याला आमंत्रण धाडलंय?"

आधी तिला फक्त स्वतःच्या काळजाची धडधड ऐकू आली. मग काठाला लागणारं पाणी. मग गवतातले किडे, आणि अगदी शेजारी सासूबाईंचा संथ, सुखी श्वास. काहीच बंद पडलं नव्हतं. कितीतरी दिवसांनी तिची छाती सैल झाली. तेवढ्यात निळं काहीतरी फांदीवर येऊन बसलं आणि तिनं बटण दाबलं.

फोटोत फांदी आली, शेपूट आलं, पक्षी काही आला नाही.

"शेपूट झकास आलंय हो," सासूबाई म्हणाल्या. सून खदखदून हसली आणि हसता हसता रडलीही.

मग त्या दोघी रोजच जाऊ लागल्या. उन्हाळा सरायच्या आत सून कामावर हजर झाली. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्यानं कसाबसा पत्ता सांगितला आणि तो गप्प झाला. पूर्वी तिनं हॅलो हॅलो करून आकाशपाताळ एक केलं असतं. आता गाडी धाडून ती नुसती ऐकत राहिली. कुठेतरी नळ ठिबकत होता, आणि त्यामागे एक बारीक श्वास होता.

"आजोबा, तुमचा श्वास ऐकू येतोय मला. बोलू नका. मी आहे इथं."

आजोबा वाचले.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं आणि सासूबाईंचे हात धरले. "आई, तुम्ही मला बाहेर काढलं नसतं तर मी घरीच बसले असते. हे मी कधी विसरणार नाही."

सासूबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "आज आजोबांना म्हणालीस ना, मी आहे म्हणून? त्या बाईच्या वेळीही तू होतीस ग. एकटी नाही गेली ती."