दादा थांबायचा त्या जागा

आमच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवणारा माझा दादा लिफ्टचा मेकॅनिक होता. कोण कुठल्या मजल्यावर कधी अडकेल याचा नेम नसल्याने ठरल्या वेळी तो हजर असेल याचाही नेम नसायचा. म्हणून पन्नाशी गाठल्यावर पहिला अल्बम करायचा ठरला, तेव्हा आम्ही एक उलटंच काम केलं. शहाणे लोक आधी ड्रम वाजवून घेतात आणि त्यावर बाकीचं चढवतात. आम्ही म्हटलं, दादा, तुला सवड मिळेल तसा तू स्टुडिओत जाऊन सगळ्या गाण्यांचा बेस वाजवून ये, आमचं आम्ही मागाहून बघू. स्टुडिओवाल्याने त्याला कानात टिकटिक लावून घ्यायला सांगितलं, म्हणजे लय हलत नाही. दादा म्हणाला, टिकटिक नको, मला गाणी पाठ आहेत. एकटा बसला आणि सगळी गाणी वाजवून आला.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही.

बरेच दिवस कोणी वाद्याला हात लावला नाही. मग वहिनीनेच विषय काढला. मला म्हणाली, "अल्बम करा तुम्ही. फक्त एक सांगा, त्यांनी वाजवलेलं राहील ना त्यात?" मी म्हटलं, राहील म्हणजे काय, राहणारच. बोलायला आपलं काय जातं.

पहिल्या दिवशी स्टुडिओत आम्ही चौघं. ड्रमवर माझा धाकटा भाऊ. दिवसभर गाद्या विकतो आणि तिथे कशावर हात उगारता येत नाही म्हणून संध्याकाळी ड्रमवर उगारतो. त्याला घरीदारी सगळे ठोक्याच म्हणतात. गिटारवर दादाचा शाळेपासूनचा मित्र, दातांचा डॉक्टर. गाणारी माझी मैत्रीण प्राथमिक शाळेत शिकवते, तिला आम्ही बाई म्हणतो आणि तीही आम्हाला तिसरीच्या वर्गासारखंच वागवते. आणि कीबोर्डवर मी, शेजाऱ्यांच्या मुलीची शिकवणी भिंतीपलीकडून ऐकून शिकलेली.

ठोक्याने हेडफोन चढवले. दादाचा बेस सुरू झाला, ठोक्याही सुरू झाला, आणि अर्ध्या गाण्यात दोघं असे वेगळे झाले की जणू एक जिना चढतोय आणि दुसरा उतरतोय. पुन्हा केलं. पुन्हा तेच, त्याच जागी. दुसरं गाणं घेतलं, तिथे वेगळ्या जागी.

स्टुडिओवाल्याने पडद्यावर रेघा मोठ्या करून दाखवल्या. "हे बघा मॅडम. इथपर्यंत लय पक्की आहे. इथे ढिली झाली. मग परत पक्की. तुमचे दादा प्रत्येक गाण्यात मध्येच झोप..." आणि त्याने जीभ चावली.

ठोक्याने काड्या खाली ठेवल्या. "दादाची लय ढिली होऊच शकत नाही."

"मग तुझी घाई होत असेल," बाई म्हणाली.

"माझी? बाई, मी वीस वर्षं या बँडला धरून ठेवलंय."

"हो ना, मानेला धरून."

तो हसला नाही. बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. मी मागे गेले तेव्हा म्हणाला, "ताई, बँकेतला एक माणूस आहे, बेस चांगला वाजवतो. रविवारी त्याला बोलावू. तो सगळं नव्याने वाजवेल."

"आणि दादाचं?"

"दादाचं राहू दे आपल्याजवळ. पण लोकांनी ऐकून म्हणावं की याला लय नव्हती, हे मला नाही चालणार."

मी वहिनीला काय सांगितलं होतं ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "शनिवारपर्यंत बघ तुला काय सापडतं ते."

काय सापडणार होतं मला? पण डोक्यात किडा शिरला. ढिलाईच असती तर ती कुठेही झाली असती. सुरुवातीला, शेवटी, कंटाळा आला की. ही मात्र प्रत्येक गाण्यात एकदाच, आणि कितीही वेळा ऐकलं तरी चुकून झाल्यासारखी वाटत नव्हती. आधी किंचित हळू, मग अलगद परत पूर्वीसारखी. मेकॅनिकच तो. डॉक्टर म्हणाले, "लिफ्टसुद्धा मजल्यावर येण्याआधी हळू होते. पण हा मजले नसलेल्या ठिकाणी का थांबतोय?"

माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. गाडी एकच, पण स्कूल म्हणायचं. दादाचा नुसता बेस मी गाडीत लावून ठेवला. शिकायला येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, हे गाणं सुरू कधी होणार?" म्हटलं, हेच शोधतेय, तुम्ही समोर बघा. पुलाच्या चढावर हे गृहस्थ क्लच असा सोडतात की जणू हातातून पाल सुटली. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. माझा पाय त्यावर गेला.

"तुम्ही आधीच दाबलात," ते रुसून म्हणाले. "मी अजून काही केलंही नव्हतं."

"करणार होतात."

त्यांना पुढच्या वळणावर गाडी लावायला सांगितली आणि ते गाणं पहिल्यापासून लावलं. या वेळी दादाकडे लक्ष दिलंच नाही. त्याच्यावर आम्ही काय वाजवत असू ते मनात म्हणत गेले. तो हळू झाला तिथे डॉक्टर काय करत असतात? डॉक्टर तिथे खाली वाकतात. गिटारचा आवाज बदलायचं बटण पायाशी असतं आणि चष्मा लावला तर रॉकस्टारसारखं दिसत नाही म्हणून तो खिशात असतो. ते वाकतात, शोधतात, दाबतात, सरळ होतात.

दुसरं गाणं लावलं. तिथे बाई वरचा सूर लावून खाली येते आणि तिला श्वास घ्यायचा असतो. मला बसल्या जागी हसू फुटलं. गृहस्थ म्हणाले, "आजचा तास भरून निघेल ना?"

शनिवारी सगळ्यांना सांगितलं तर कोणी मान्यच करेना.

"मी बटण शोधतो?" डॉक्टर म्हणाले. "मला ते अंधारात सापडतं."

"उजेडात सापडत नाही, तोच तर प्रश्न आहे," बाई म्हणाली.

"आणि तुझा श्वास गं?"

"मला श्वास लागत नाही."

स्टुडिओवाल्याने पहिल्यांदाच खुर्ची आमच्याकडे वळवली. "जुनं काही आहे का? सगळे एकत्र वाजवताना?"

बाईच्या फोनमध्ये शाळेच्या समारंभातलं निघालं. ऐकताना सगळं सुरळीत वाटत होतं, कुठे हळू म्हणून नाही. त्याने ते मशीनवर घातलं आणि डॉक्टरांच्या बटणाच्या जागी रेघ दाखवली. तिथेही लय उतरली होती, सगळ्यांची मिळून. दादा हळू झाला की आम्ही सगळेच हळू होत होतो, म्हणून ते कोणालाच कळलं नव्हतं. डॉक्टरांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि पडद्याजवळ गेले.

"मग माझ्या काय कामाचं हे?" ठोक्या मागून म्हणाला. "मी तर ना वाकतो, ना गातो."

मी स्टुडिओवाल्याला तिसरं गाणं लावायला सांगितलं. त्यात ठोक्याचा मोठा गडगडाट आहे, सगळे ड्रम फिरून येतो तो. गडगडाटानंतर ठोक्या नेहमी सुसाट सुटतो. दादा तिथे हळू नव्हता झालेला. आधी तो किंचित पुढे सरकला होता, ठोक्या जिथे पोचणार तिथे जाऊन उभा राहिला होता, आणि मग हळूहळू मूळ लयीवर उतरला होता.

ठोक्याने ते पुन्हा लावायला लावलं. मग पुन्हा. मग म्हणाला, "म्हणजे मी धरून ठेवलं नव्हतं."

"वाजवलंस छान," बाई म्हणाली. तिसरीतल्या मुलाला म्हणावं तसं नव्हतं ते.

"बँकवाल्याचं काय करायचं?" मी विचारलं.

"दादाने अल्बमसाठी रचलेलं ते नवीन गाणं राहिलंय," तो म्हणाला. "ते आपण कधी एकत्र वाजवलेलंच नाही. त्यातही दादा एका जागी थांबलाय, मी ऐकलंय. तिथे कोणाची सवय असणार? तिथे काय आहे ते कळलं तर बँकवाल्याला मी नाही म्हणतो. नाही कळलं तर तुझं सगळं म्हणणं योगायोग."

मला त्याचं पटलं नाही, पण पटवून घेतलं. कारण तेच मलाही जाणून घ्यायचं होतं.

हेडफोन काढले. सगळे एका खोलीत समोरासमोर बसलो, आणि दादाचा बेस मोठ्या स्पीकरवर, त्याच्या नेहमीच्या कोपऱ्यात लावला. शेवटचं ध्रुवपद परत येण्याआधीची ती जागा. तिथे कोण अडखळणार, यावर स्टुडिओवाल्याने सगळ्यांशी चहाची पैज लावली. त्याने डॉक्टरांवर लावली होती.

पहिल्या खेपेला त्या जागी आम्ही सगळेच एकमेकांची तोंडं बघत राहिलो, त्यामुळे सगळेच अडखळलो. पैज रद्द झाली.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांचं बटण आधीच दाबून झालं होतं. बाईची ओळ संपून तिचा पोटभर श्वास घेऊन झाला होता. माझे दोन्ही हात जिथे हवे तिथे. ठोक्याने लय धरली, दादा हळू झाला तसा तोही हळू झाला, काड्या वर धरून थांबला. कोणाचं काहीच चुकलं नाही. त्या जागी नुसता बेस होता, तारेवरून सरकलेल्या बोटाचा आवाजही ऐकू आला. आणि मग आम्ही चौघं एकदम ध्रुवपदावर आलो. इतके एकदम आम्ही आयुष्यात आलो नव्हतो.

गाणं संपलं.

"काहीच नाहीये तिथे," स्टुडिओवाला म्हणाला. "म्हणाल तर कापून सरळ करून देतो. मिनिटाचं काम आहे."

मी ठोक्याकडे पाहिलं. त्याच्या अटीप्रमाणे मी हरले होते.

"हात लावू नका त्याला," ठोक्या म्हणाला. "ती माझी जागा आहे. तिथे मी पळालो असतो."

"तू कशाला पळशील?" डॉक्टर म्हणाले. "त्याला माहीत होतं मी बटण विसरणार. आज लक्षात राहिलं ते चष्म्यामुळे."

"दोघंही गप्प बसा," बाई म्हणाली. "इतकी लांब ओळ त्यानेच रचली माझ्यासाठी. श्वासही त्यानेच ठेवला असणार."

"ओळ संपून तुझा श्वास घेऊन झाला होता."

"आज. रोज होईलच असं नाही."

मीही सांगितलं, की माझा डावा हात कधी कधी उशिरा पोचतो. तो कधीच उशिरा पोचत नाही.

ठोक्याने फोन काढला आणि बँकवाल्याला सांगितलं, की रविवारी येऊ नका, आमच्याकडे बेस आहे. मग स्टुडिओवाल्याला म्हणाला, "अजून एकदा लावा. आणि त्या कोपऱ्यातला आवाज जरा वाढवा."