भिंतीआडची भूक

शिंपिणीचं दूध उतरलं आणि छातीचे दगड झाले. आठवड्याभराच्या लेकीच्या तोंडात काही बसेना. ती चोखायची, सटकायची, रडायची. वजन घटत चाललं होतं. "आणखी घटलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल," असं नर्स म्हणाली आणि शिंपिणीच्या तोंडचं पाणीच पळालं.

मदतीला आई आली होती. ती कोमट पाण्यात फडकं पिळून शेकायची, मग बोंडीभोवती बोटांनी हलकेच दाबून थोडं दूध काढायची, म्हणजे तेवढा भाग मऊ पडून पोरीला धरता येईल. "दगडालाही पाझर फुटतो, तू तर माझी लेक आहेस," असं वर चिडवायची. पण थेंबभर येऊन सगळं अडायचं.

एका दुपारी भिंतीपलीकडे बाळ रडलं. पलीकडे तर कापडाचं बंद गोदाम होतं. आईला काहीच ऐकू आलं नाही. शिंपिणीला मात्र पान्हा फुटला, फडकं चिंब झालं आणि लेक गटागट प्यायली. शिंपिणीचा जीव भांड्यात पडला. आनंदाच्या भरात ती भिंतीला म्हणाली, "कोण रे तू गुणाचा? ये, तुलाही पाजते!"

बोलून गेली खरी.

दुसऱ्या दिवशी लेकीला घेण्याआधीच छाती हलकी झाली. "उतरलं बाई एकदाचं दाटणं!" आई खूश झाली. पण फडकं कोरडं होतं. लेक रिकामंच चोखत होती आणि टाहो फोडत होती. शिंपिणीने भिंतीला कान लावला. पलीकडे कुणीतरी घोट घेत होतं, सावकाश, समाधानाने. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि वाईट हे, की भीतीच्या जोडीला तिला मायाही वाटली.

"पुरे रे राजा," ती कुजबुजली. "बहिणीला ठेव थोडं."

घोट थांबले. डाव्या बाजूला मुंग्या आल्या, धार लागली, लेकीने घट्ट धरलं. शिंपीण एकाच वेळी रडली नि हसली.

डावी बाजू संपली तरी लेक तोंड शोधतच राहिली.

"अगं, आता उजवीकडे घे की," आई म्हणाली. "अर्धपोटी आहे पोर."

शिंपिणीने उजवी बाजू झाकून घेतली.

"नको आई. ती त्याची आहे."