चौसष्टाच्या नावाचा आठ

मित्रांनो, टोपण हरवलेला, तोंडाशी जरा वाकलेला असा मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. माझा जन्म शेन्झेनच्या हुआचियांगबेई बाजारातला. पोटात जागा आठ जीबीची. पण तिथल्या एका गाळ्यात मला संगणकाला जोडलं, माझ्या मेंदूत खोटा आकडा भरला आणि पाठीवर छापलं चौसष्ट. कुणी विचारलं की मी चौसष्टच सांगायचो. मला तेवढंच शिकवलं होतं.

युलानने मला घेतलं. ती इथे शिवण कारखान्यात, आई गावी, मेइचौच्या डोंगरात. आधी तिने भावाच्या लग्नाची फिल्म माझ्यात ठेवली. मग सणाला घरी गेली की आईची डोंगरगाणी मोबाइलवर घ्यायची, माझ्यात टाकायची आणि मोबाइल मोकळा करायची. मी दर वेळी ‘ठेवलं’ म्हणायचो. मैत्रिणी म्हणायच्या, केवढासा जीव, पण मावतं किती बघ. मला बरं वाटायचं.

मग आईला पक्षाघात झाला. वाचा गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांचीच गाणी त्यांना ऐकवा, गाण्याच्या मागून कधी कधी शब्द येतात. युलानने मला लावलं, आणि मी उघडलोच नाही.

ती मला घेऊन बाजारात आली. पहिल्याच गाळ्यावरचा म्हणाला, “बसा, लगेच नवा करून देतो.”

समोर वायरी विकणाऱ्या फांगमावशी ओरडल्या, “अगं, त्याचा नवा म्हणजे कोरा. लियाओकडे जा. तो कुरकुरतो, पण आधी विचारतो तरी.”

लियाओ उस्तादाने विचारलंच. “डबी हवी की माल?”

“म्हणजे?”

“डबी धड करायची तर आतलं सगळं पुसतो. माल हवा असेल तर डबीचं काय होईल, सांगत नाही.”

“माल. आईची गाणी आहेत.”

त्याने माझं कवच काढलं, सुईने माझ्या चिपचे दोन पाय एकत्र टेकवले आणि तसंच मला संगणकात खोचलं. असं केलं की आमचा मेंदू पढवलेलं न आठवता जागा होतो. मग त्याने जो प्रोग्राम उघडला, तो मला खोटं शिकवणाऱ्याच्याच जातीचा. त्यात ‘पुसा’वर खूण आधीच केलेली असते, कारण कारखान्याला कोराच माल लागतो. इथले कारागीर सवयीने थेट ‘सुरू’ दाबतात. उस्तादाने आधी ती खूण काढली, मग मला विचारलं. मी पहिल्यांदा खरं बोललो. आठ.

“ताई, हा चौसष्ट नाही.”

“पाठीवर लिहिलंय की.”

“माझ्या पाठीवर बादशहा लिहा, मी होतो का?” मग त्याचा आवाज उतरला. “लग्नाची फिल्म आहे. गाण्यांची नुसती नावं आहेत. गाणी यात कधी उतरलीच नाहीत.”

“मग इतकी वर्षं मी ती ठेवत कुठे होते?”

उत्तर मला ठाऊक होतं. त्या फिल्मनेच माझी जागा संपली होती; पुढच्या प्रत्येक गाण्याला मी ‘ठेवलं’ म्हणत होतो आणि सोडून देत होतो.

त्याने फिल्म लावली. त्यात आई चुलीपाशी होती, मुलाला रागावत. “ते यंत्र बाजूला घे, भात करपतोय. नवरदेव झालास म्हणून उपाशी राहणार का?”

फांगमावशींनी वायरींचे भाव ओरडणारा आपला भोंगा बंद केला. युलान म्हणाली, “उस्ताद, परत लावता?”

फिल्म दुसरीकडे उतरवून झाल्यावर त्याने माझ्या मेंदूत आठ लिहिलं आणि पाठीवरचं चौसष्ट पात्याने खरवडलं. मग फिल्म आकाराने लहान करून परत माझ्यात ठेवली.

गावी मला टीव्हीला जोडलं. स्वतःचं रागावणं ऐकून आई अर्ध्या तोंडाने हसली. गाणं आलं नाही. युलान रोज लावते.

मित्रांनो, नवीन पेनड्राइव्ह आणलात तर आधी काठोकाठ भरा आणि प्रत्येक गोष्ट परत उघडून बघा. आम्ही ‘ठेवलं’ म्हणतो त्यावर जाऊ नका. आणि जो आवाज परत मिळणार नाही, तो एकट्या माझ्यासारख्याच्या स्वाधीन करू नका. माझ्यात आता भरपूर जागा आहे. त्या गाण्यांना तेव्हा नव्हती.