मुक्ताबाईचा बंब आणि सरकारी पंप

मित्रांनो, बंब म्हणतात मला. आग विझवायला धावते ती लाल गाडी नव्हे. पाणी तापवायचा, तांब्याचा, जुन्या घडणीचा बंब. आजकालच्या पोरांना आधी ती गाडीच आठवते, म्हणून खुलासा केलेला बरा. तिचं काम आग विझवायचं आणि माझं आग पोटात घेऊन बसायचं. त्यामुळे माझा स्वभाव तापट आहे असं कुणी म्हटलं तर मला राग येत नाही.

नगरच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. मधोमध जळणाची नळी, तिच्याभोवती पाण्याचं पोट, खाली राखेची जाळी आणि पुढे पितळेची तोटी. मुक्ताबाईच्या वडिलांनी मला तिच्या लग्नात दिलं. "लेकीला ऊन पान्याची आबाळ नगं," असं ते म्हणाले होते, आणि त्या शब्दाचा मला फार अभिमान होता. नवरीबरोबर मीही सोनईजवळच्या वस्तीवर आलो आणि अंगणाच्या कडेच्या न्हाणीत जाऊन बसलो.

काय दिवस होते ते! घरात माणसं भरपूर. सकाळी मुक्ताबाई तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीचे ढलपे घेऊन यायची, माझ्यापुढे वाकून फुंकर घालायची, आणि थोड्याच वेळात माझ्या पोटात पाणी गुणगुणायला लागायचं. बाळंतिणी माझ्या पाण्याने न्हाल्या. थंडीत पाहुणे आले की आधी माझी चौकशी करायचे आणि मग घरधन्याची. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या आदल्या दिवशी मुक्ताबाई मला चिंच-मिठाने घासायची, हळदीकुंकू लावायची, झेंडूची माळ घालायची. त्या दिवशी मी असा काही चमकायचो की मारुतीच्या देवळातल्या घंटेलाही हेवा वाटावा.

पण मित्रांनो, धुराला माया कळत नाही.

घरात गॅस आला, चूल गेली, तरी न्हाणीतला जाळ राहिलाच. गिझर लावून पाहिला, तर तो सुरू होताच वस्तीवरची लाईट गपकन जायची. मग पुन्हा मी. आणि माझ्यासमोर वाकणारी पुन्हा मुक्ताबाई. हळूहळू तिची फुंकर तुटायला लागली. आधी एका दमात जाळ धरायचा, पुढे मधेच थांबून ती छातीवर हात ठेवायची. खोकल्याची उबळ आली की न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून राहायची. माझा धूर नेमका त्याच दाराने बाहेर पडायचा. मला तोंड फिरवता आलं असतं तर फिरवलं असतं. वस्तूचं हेच दुःख असतं, तिला जिथे ठेवलं तिथेच तिचं चांगलं-वाईट घडतं.

श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि धूर बंद करा म्हणून बजावलं. सहादेव, म्हणजे तिचा नवरा, चिंतेत पडला. बोलायला रांगडा, पण बायको खोकली की भरल्या ताटावरून उठायचा.

अशातच एकदा तो ग्रामसभेहून मोठ्या ऐटीत आला. पाय धुता धुता सुनेला, पूजाला, सांगू लागला.

"आज म्या सभेत येकच बोललो, पन समदे टाळ्या वाजवाया लागले बग."

"काय बोललात मामा?"

"ग्रामसेवक म्हनले, घरटी पंप बसवायला सरकार अनुदान देतंय, मोजक्याच घरांना मिळंल, तुमचं नाव घालू का? म्या उभा राह्यलो अन् म्हनलो, आमच्या हिरीवर पंप हाय, बोरवर बी हाय. ज्याच्याकडं न्हाई त्याला द्या. शेजारच्या बन्सीचं नाव घाला."

पूजाने हातातली बादली खाली ठेवली. "मामा, कसला पंप म्हणाले ते? हीट पंप का?"

"व्हय, तसंच कायतरी. हिट का फिट. कंपनीचं नाव आसंल."

"अवो मामा, तो पाणी उपसायचा न्हाई, तापवायचा पंप हाय! मी मोबाईलवर पाहिलंय. फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो ना, तसाच हा बाहेरच्या हवेतली ऊब काढून पाण्यात घालतो. लाईटबी कमी लागती. अन् धूर तर न्हाईच."

सहादेव ओल्या पायांनी तसाच उभा राहिला. उभ्या जन्मात पंप म्हटलं की त्याला एकच गोष्ट ठाऊक, पाताळातलं पाणी वर काढायची. न्हाणीत पंप कशाला लागेल? यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी दाराआडून त्याचा चेहरा पाहिला. त्या क्षणी मला त्याची दया आली, आणि पाठोपाठ मुक्ताबाईची आठवण येऊन भीतीही वाटली.

तो पळत पंचायतीत गेला. पण वरातीमागून घोडं! गावाच्या वाट्याचे पंप नेमून झाले होते. "पुढच्या वर्षी पहिलं नाव तुमचं," ग्रामसेवक म्हणाले. त्यांचा तरी काय दोष? मागणाऱ्याला नाही म्हणायची त्यांना सवय होती. मिळत असताना नाही म्हणणारा त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला असेल.

बन्सीची गंमत तर निराळीच. त्यालाही पंप म्हणजे विहीरच ठाऊक. त्याने ते यंत्र थेट विहिरीवर नेलं, मोटार दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं, आणि दोघं मिळून पाणी ओढायचं तोंड कुठे आहे ते शोधत बसले. वस्ती पोट धरून हसली. सहादेव मात्र हसला नाही. त्या हिवाळ्यात रोज सकाळी मुक्ताबाई खोकली की तो गोठ्यात जाऊन बसायचा. सरपण तो आणून द्यायचा, जाळ घालायला पूजा धावायची, पण मुक्ताबाई कुणाला माझ्याजवळ येऊ द्यायची नाही. "तुमाला त्याची खोड ठावं न्हाई," म्हणायची.

वर्ष सरलं. मुक्ताबाईची धाप वर्षभरात चांगलीच वाढली. अंगण ओलांडतानाही ती मधे थांबायची. शेवटी अनुदान मंजूर झालं आणि दिवाळी होताच पंप घरी आला. पांढरा, उंच, अबोल. न्हाणीच्या भिंतीला त्याला बसवलं आणि मला बाजूला कोपऱ्यात सरकवलं. खरं सांगतो मित्रांनो, मला वाईट वाटलं. इतकी वर्षं सेवा करून कोपरा मिळाला की कुणालाही वाटतं. पण त्याच वेळी मी सुटकेचा श्वासही सोडला, आता मुक्ताबाईला माझ्यापुढे वाकावं लागणार नव्हतं.

माझा अंदाज चुकला.

घरातली सगळी पंपाच्या पाण्याने न्हाऊ लागली. मुक्ताबाई मात्र तोटीखाली हात धरायची आणि तोंड वाकडं करायची. "ह्यात जाळ न्हाई, निखारा न्हाई. हे पानी अंगाला लागतंय, आत शिरत न्हाई." पूजाने समजावलं, सहादेव चिडला, पण पालथ्या घड्यावर पाणी. एकदा ती माझ्या अंगावरून हात फिरवत हळूच पुटपुटली, "बापानं दिल्याला बंब थंड पडू दिला, तर त्यो काय म्हनंल?" तिचे वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तरी ती त्यांना उत्तर देत होती.

मग घरात कुणी नसलं की ती मला पेटवू लागली. कांद्याच्या लागणीला सगळी रानात गेली की ढलपे घेऊन यायची. तिच्या हाताचा स्पर्श झाला की मी सुखावायचो आणि तिची पहिली उबळ आली की मेल्याहून मेल्यासारखा व्हायचो. विझून जावं म्हटलं तर कोरडं बाभळीचं लाकूड, ते कसलं विझतं!

एका सकाळी फुंकर घालता घालता ती खाली बसली ती उठेचना. ओठ निळे पडले होते. सहादेव खुरपं न्यायला म्हणून परत आला होता, त्याने दारातून धूर पाहिला. "अगं मुक्ते!" एवढंच ओरडला. जीप आली, तिला उचलून श्रीरामपूरला नेलं. माझ्यातला जाळ तसाच धगधगत राहिला. पाणी उकळून उकळून निम्म्यावर आलं, पण ते घ्यायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहादेव एकटाच घरी आला. मुक्ताबाई वाचली होती. तिची लुगडी न्यायला तो आला होता. पिशवी भरून झाल्यावर तो न्हाणीत आला आणि माझ्यासमोर बसला. माझं झाकण काढून आत पाहिलं, मला आडवा करून उरलंसुरलं पाणी ओतून दिलं. मग नळीत ढलपे भरू लागला.

मित्रांनो, बंब कधी रिकामा पेटवायचा नसतो. आधी पाणी, मग जाळ. पाण्याविना तापलं की सांधे जोडणारा डाख वितळतो आणि बंब कायमचा गळका होतो. हे त्या घरात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक होतं. आणि सहादेवला तर होतंच होतं.

त्याने काडी ओढली. जाळ धरला तेव्हा तो माझ्या कडीवर हात ठेवून म्हणाला, "तुज्यावर राग न्हाई रं माजा. येकदा श्यानपना केला अन् तिचं वरीस घालवलं. आता पुन्यांदा न्हाई." कडी तापत गेली तरी त्याने बराच वेळ हात काढला नाही. मला दुखलं. खूप दुखलं. एकेक सांधा सुटत गेला, तोटी निखळून फरशीवर पडली. पण जन्मात पहिल्यांदाच असा जाळ होता की त्याच्यापुढे मुक्ताबाई वाकलेली नव्हती.

ती घरी परतली तेव्हा सावकाश चालत आधी न्हाणीतच आली. माझे उघडे पडलेले सांधे तिने पाहिले, तोटी उचलून पदराने पुसली.

"कुनी केलं ह्ये?"

"म्या," सहादेव म्हणाला. "पानी घालायचं ईसरलो."

मुक्ताबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या तळव्यावर फोड आला होता. तिला सगळं कळलं, हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं. हातातली तोटी माझ्याशेजारी ठेवून ती म्हणाली, "वय झालं तुमचं. असं ईसरत जाऊ नगा." आणि डोळे पुसून तिने पंपाची तोटी सोडली.

मी अजून इथेच आहे. मोडीत घालू दिलं नाही तिने मला. मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा असं सगळ्याच जुन्या वस्तू सांगतात, आणि ते खोटं नाही. पण सांभाळण्याआधी एकदा पाहा, तुमच्या घरात त्या वस्तूसमोर रोज कोण वाकतं आणि त्याच्या छातीत काय होतं. वस्तूवर माया असेल तर एखादे दिवशी तिला थंड पडू द्या. आज सकाळी मुक्ताबाईने आंघोळ केली. पाणी अजून आत शिरत नाही म्हणून कुरकुर केली, पण अंग पुसून होईपर्यंत ती एकदाही खोकली नाही.